शाळेतील पदार्थविज्ञान : उस्मानियापासून लायगोपर्यंत



औंढा नागनाथ हे नाव घेतले की ज्योतिर्लिंग आणि यादवकालीन मंदिर डोळ्यांपुढे उभे राहते. संत नामदेवांचे नरसी येथून फार दूर नाही. विसोबा खेचरांची कथा तर याच गावाशी जोडलेली आहे. परंतु अलीकडे आपल्या तालुक्याचे नाव जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आहे ते निराळ्याच कारणाने. ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा दुधाळा परिसरात उभी राहावयाची आहे. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे. त्यांच्या जोडीला भारतातील ही एक.

मी इतिहासाचा शिक्षक. पदार्थविज्ञान हा माझा विषय नव्हे. परंतु एखादा विषय आपल्या शाळेत केव्हा आला, कोणासाठी आला आणि कोणत्या भाषेतून आला, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. ज्या मातीत एवढे मोठे पदार्थविज्ञान उभे राहात आहे, त्या मातीतील मुलांपर्यंत शाळेचे पदार्थविज्ञान कोणत्या वाटेने पोहोचले आणि वाटेत काय गळून पडले, ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

उर्दूतील विज्ञान

१९४८ पर्यंत औंढा हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होते. संस्थानाची राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि माध्यमिक शाळांतील शिक्षणही मुख्यतः उर्दूतूनच चाले. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतात इतरत्र विद्यापीठ म्हणजे इंग्रजी असे समीकरण असताना उस्मानियाने पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, गणित हे सारे विषय उर्दूतून शिकविण्याचे ठरविले. हे सोपे काम नव्हते. पुस्तकेच नव्हती. त्यासाठी १९१७ सालीच ‘दारुत्तर्जुमा’ म्हणजे भाषांतर विभाग काढण्यात आला. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे काम याच अब्दुल हकांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, अनेक वर्षे चालविले. तेव्हा उर्दूत विज्ञान आणण्याच्या या प्रयत्नाचा एक धागा आपल्या मराठवाड्यातूनही गेलेला आहे.

या प्रयत्नाला फळ आले का? एकच उदाहरण देतो. हैदराबादचे रझीउद्दीन सिद्दीकी उस्मानियात उर्दूतून शिकले. पुढे केंब्रिजला गेले, आणि जर्मनीत लायपझिग येथे थोर शास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून आले. परत येऊन त्यांनी उस्मानियात अध्यापन केले व आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावर उर्दूत ग्रंथ लिहिला. ज्या सिद्धांतातून गुरुत्वीय लहरींची कल्पना निघाली, तो सिद्धांत आपल्या संस्थानात देशी भाषेत पुस्तकरूपाने आला होता, ही गोष्ट लहान नाही.

परंतु इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मराठवाड्यातील बहुसंख्य मुलांची घरची भाषा मराठी होती. त्या मुलांना गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकावे लागे. उर्दू ज्याची भाषा होती त्याला दार उघडले. मराठी, तेलुगू, कानडी ज्यांची भाषा होती त्यांना तेच दार जड झाले. म्हणूनच औरंगाबादेतील सरस्वती भुवनसारख्या खाजगी शाळा निघाल्या आणि शिक्षण मातृभाषेतून मिळावे ही मागणी पुढे संस्थानातील जनआंदोलनाचा एक भाग झाली. १९४८ नंतर चित्र पालटले. शाळांत मराठी आली, आणि उस्मानियातही उर्दूची जागा इंग्रजीने घेतली.

या घटनेपासून घेण्याचा धडा एकच आहे, आणि तो कोणत्याही एका भाषेच्या बाजूचा वा विरोधाचा नाही. मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेतच त्याला विज्ञानाची पहिली ओळख व्हावी. उस्मानियाचे यश आणि उस्मानियाचा दोष, दोन्ही हेच शिकवितात.

एकच पुस्तक, आठ भाषा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९६० सालीच राज्याचे भाषा संचालनालय निघाले आणि शास्त्रीय परिभाषा मराठीत घडविण्याचे काम सुरू झाले. १९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, स्थापन झाली. बालभारतीचे वैशिष्ट्य असे की ती मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगू अशा आठ भाषांत पुस्तके काढीत आली आहे. मराठी माध्यमाच्या मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात जो धडा आणि जी आकृती, तोच धडा आणि तीच आकृती उर्दू माध्यमाच्या मुलीच्या पुस्तकात.

मित्रहो, या साध्या गोष्टीचे मोल आपण जाणत नाही. मराठीत आपण ‘बल’ म्हणतो, उर्दूत ‘कुव्वत’. मराठीत ‘त्वरण’, उर्दूत ‘इसराअ’. मराठीत ‘ऊर्जा’, उर्दूत ‘तवानाई’. मराठीत ‘वस्तुमान’, उर्दूत ‘कमीयत’. परंतु ‘वजन’ मात्र दोन्हीकडे वजनच! आणि गंमत अशी की याच शब्दाने दोन्ही माध्यमांची मुले फसतात. बाजारात पाच किलो वजन म्हणतात. पदार्थविज्ञान सांगते की किलोग्रॅममध्ये मोजतात ते वस्तुमान, वजन हे बल आहे आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. चंद्रावर वजन घटेल, वस्तुमान घटणार नाही. शब्द ओळखीचा असला म्हणजे अर्थ कळला असे नव्हे, हे शिक्षकाने थांबून सांगावे लागते.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे कार्य येथे आठवते. हे केंद्र १९७४ साली निघाले. त्याचे प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात आणि पुढे मुंबईच्या महापालिका शाळांत काम केले. गरीब घरातील मुले विज्ञानात मागे पडतात ती बुद्धीने कमी म्हणून नव्हे. पुस्तकाची भाषाच त्यांच्या वाटेत आडवी येते, आणि ती भाषा सोपी केली की मुले पुढे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या समाजातील पालकांनी हे वाक्य मनावर कोरून ठेवावे. ‘आमच्या पोराला सायन्स झेपणार नाही’ हे म्हणण्यापूर्वी त्याला सायन्स कोणत्या भाषेत सांगितले गेले, ते विचारावे.

विज्ञान सर्वांसाठी

आता अभ्यासक्रमाकडे वळू. स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शिक्षणाचा विचार केला. सामान्य विज्ञान सर्वांना असावे, परंतु वरच्या इयत्तांत विद्यार्थ्याने आपल्या कलाप्रमाणे विषयगट निवडावा, अशी त्याची मांडणी होती. म्हणजे पदार्थविज्ञान मन लावून शिकण्याचा प्रसंग ज्याने विज्ञान गट घेतला त्यालाच. कोवळ्या वयात घेतलेला हा निर्णय बहुधा मुलाचा नसे. घरच्या परिस्थितीचा असे.

ही विभागणी मोडण्याची शिफारस केली ती कोठारी आयोगाने (१९६४-६६). विज्ञान आणि गणित हे दहावीपर्यंत प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, शिकविलेच पाहिजेत असे या आयोगाने सांगितले. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात १०+२+३ हा आकृतिबंध आला. दिल्लीची एन.सी.ई.आर.टी. ही संस्था १९६१ पासून होतीच, प्रा. नुरुल हसन केंद्रीय शिक्षणमंत्री असताना तिने १९७५ साली दहा वर्षांच्या शाळेचा अभ्यासक्रम-आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा १९७५ सालीच झाली. पुढच्या वर्षी ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय केंद्र आणि राज्य यांच्या सामाईक सूचीत गेला.

येथे एक गैरसमज दूर करू. ‘राष्ट्रीय अभ्यासक्रम’ याचा अर्थ दिल्लीहून आलेले एकच पुस्तक असा नाही. केंद्र आराखडा देते: कोणत्या वयात काय समजावे, कोणती कौशल्ये यावीत. राज्य त्यावरून आपला पाठ्यक्रम व पुस्तके करते. म्हणूनच सी.बी.एस.ई.च्या शाळेतील मूल आणि आपल्या शाळेतील मूल वेगवेगळ्या पुस्तकांतून न्यूटनचे नियम, प्रकाशाचे परावर्तन, विद्युतधारा हेच शिकते. औंढ्याच्या मुलीला आणि मुंबईच्या मुलाला पदार्थविज्ञान सारखेच मिळाले पाहिजे, हा हक्क कागदावर तरी आला तो या वाटेने.

तीन पदार्थवैज्ञानिक

इतिहास चाळताना एक योगायोग माझ्या ध्यानात आला. आपल्या शालेय शिक्षणाला वळण देणाऱ्या तीन मोठ्या समित्यांचे अध्यक्ष पदार्थविज्ञानाचेच विद्वान होते.

पहिले डॉ. दौलतसिंह कोठारी. मेघनाद साहांचे विद्यार्थी; केंब्रिजला रुदरफर्ड यांच्याकडे संशोधन केलेले. दुसरे प्रा. यशपाल. विश्वकिरणांचे संशोधक. ‘ओझ्याविना शिक्षण’ हा १९९३ चा अहवाल त्यांच्या समितीचा आणि २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही त्यांच्याच अध्यक्षतेखालचा. तिसरे डॉ. कस्तुरीरंगन. मुंबई विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकले, इस्रोचे अध्यक्ष झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा मसुदा त्यांच्या समितीने केला आणि २०२३ चा शालेय शिक्षणाचा आराखडा त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाला.

तिघांचे काळ निराळे, परंतु एक सूर समान होता: विज्ञान पाठ करावयाची वस्तू नाही, मुलाने हाताने करून, मोजून, चुकून शिकावयाची वस्तू आहे. साठ वर्षांत तीनदा हेच सांगावे लागले. जी गोष्ट तीनदा सांगावी लागते, ती झालेली नसते, हे उघड आहे.

का झाली नाही? शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण परीक्षेकडे पाहा. दहावीच्या विज्ञानाला ४०-४० गुणांच्या दोन लेखी उत्तरपत्रिका आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण. प्रात्यक्षिकाचे गुण शाळेतच मिळतात, आणि ते सर्वांना मिळतात असाच समज सर्वत्र आहे. मग साहित्याचे कपाट कुलपात राहते आणि प्रयोगवही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरून काढली जाते. खेड्यातील एकच शिक्षक विज्ञानही शिकवितो आणि गणितही. निवडणूक आली की यादीही तोच करतो. अभ्यासक्रमाचा कागद दिल्लीहून पुण्याला आणि पुण्याहून औंढ्याला सुखरूप येतो. प्रयोग मात्र वाटेतच कोठेतरी उतरतो.

दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगातूनच विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. साहित्य साधे, परीक्षेला पुस्तक उघडण्याची मुभा, आणि प्रात्यक्षिक खरेखुरे. हा उपक्रम पुढे अनेक जिल्ह्यांत पसरला आणि २००२ साली तेथील शासनाने तो बंद केला. तो बंद झाला तरी एवढे सिद्ध करून गेला की खेड्यातील सरकारी शाळेत, थोड्या पैशांत, हे होऊ शकते.

मीटरभर दोरा

आता लायगोकडे येऊ. आइन्स्टाइनने १९१६ साली सांगितले की प्रचंड वस्तुमाने वेगाने हलली तर अवकाशातच लहरी उठतील. त्या प्रत्यक्ष सापडण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन्ही वेधशाळांनी एक लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या अंदाजे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती, त्याची ती लहर. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही वार्ता जाहीर झाली आणि अवघ्या सहा दिवसांनी भारताच्या मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला संपूर्ण मंजुरी मिळाली. २०३० पर्यंत तो पुरा करण्याचे उद्दिष्ट तेव्हा जाहीर झाले. या शोधात पुण्याच्या ‘आयुका’चाही वाटा आहे. तेथील डॉ. संजीव धुरंधर यांनी नोंदींच्या गोंगाटातून क्षीण लहर ओळखून काढण्याच्या गणिती पद्धती कित्येक वर्षे आधीपासून विकसित केल्या होत्या.

या वेधशाळेचे काम कसे चालते? काटकोनात दोन हात, प्रत्येक चार किलोमीटर लांब. लेसरचा प्रकाश दुभागून दोन्ही हातांत सोडतात, टोकाच्या आरशांवरून तो परततो आणि दोन्ही किरणांची गाठ पडते. दोन्ही वाटांच्या लांबीत फरक पडला की प्रकाशलहरींचा मेळ बदलतो. २०१५ च्या लहरीने पडलेला फरक हा एका प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी लहान होता. एवढे सूक्ष्म मोजावयाचे तर जमिनीची किंचितही थरथर चालत नाही. रस्त्यावरचा ट्रक, वारा, दूरच्या सागराच्या लाटा, सारे जमीन हलवीत असतात. म्हणूनच समुद्रापासून दूर, वर्दळ कमी अशी आपली जागा निवडली गेली. तरीही थोडी थरथर उरतेच. ती थोपविण्यासाठी अनेक उपाय आहेत. त्यांतील एक तुम्ही आज घरी करून पाहू शकता.

मीटरभर दोरा घ्या. टोकाला दगड बांधा. प्रथम त्याला हळूच झोका देऊन वीस हेलकावे मोजा; जाऊन परत येणे म्हणजे एक हेलकावा. मोबाईलच्या घड्याळात सुमारे ४० सेकंद भरतील, म्हणजे एका हेलकाव्याला २ सेकंद. आता दोऱ्याच्या मीटरमधील लांबीला ३९.५ ने गुणा आणि २ च्या वर्गाने, म्हणजे ४ ने, भागा. उत्तर ९.८७. पुस्तकात गुरुत्व त्वरण सुमारे ९.८ दिलेले आहे. दोरा आणि दगड यांवर तुम्ही पृथ्वीचे गुरुत्व मोजलेत, आणि चूक शेकडा एकाहूनही कमी!

आता दगड शांत होऊ द्या आणि दोरा धरलेला हात अगदी सावकाश पुढेमागे करा. दगड हाताबरोबर जाईल. मग हात थोडासाच, पण भरभर हलवा, सेकंदाला तीन-चार वेळा. दगड जवळजवळ जागचा हलत नाही. लोलकाच्या स्वतःच्या गतीपेक्षा फार वेगाने होणारी थरथर त्याच्या टोकापर्यंत पोहोचतच नाही. लायगोचे ४० किलोग्रॅमचे आरसे असेच टांगलेले असतात, एकाखाली एक अशा चार लोलकांच्या साखळीत, आणि शेवटचा आरसा काचेच्या तंतूंवर. जगातील सर्वांत नाजूक मोजमाप ज्या तत्त्वावर टांगलेले आहे, ते तत्त्व तुमच्या हातातील दोऱ्यात आहे.

दहावीच्या मुलांनी ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ हे २०१८ साली आलेले पुस्तक उघडून पाहावे. पहिलाच धडा ‘गुरुत्वाकर्षण’. त्यात एका चौकटीत गुरुत्वीय लहरींची आणि लायगोची माहिती दिली आहे. चौकटीतील मजकूर परीक्षेला येत नाही म्हणून मुले ती ओलांडून जातात. आपल्या तालुक्याच्या मुलाने ती ओलांडू नये.

आपले काम

पालकहो, आता थेट आपल्याशी बोलतो. दहावी झाली की मुलाला गॅरेजवर, वेल्डिंगच्या दुकानात, मामाच्या धंद्यात लावावे लागते आणि मुलीचे शिक्षण थांबते, ही परिस्थिती मी जाणतो. हातांच्या कामाला मी कमी लेखीत नाही. लायगोच्या प्रत्येक हातात किलोमीटर-किलोमीटर लांबीची पोलादी नळी असते आणि तिच्यातून जवळजवळ सारी हवा काढून टाकलेली असते. त्या जोडकामात सुईच्या टोकाएवढे छिद्रही चालत नाही. अशा वेधशाळेला संशोधक लागतात, तसेच कुशल जोडारी, वीजतंत्री आणि निर्वात-यंत्रे सांभाळणारेही लागतात. परंतु हवेचा दाब म्हणजे काय, हे ज्याला कळते तोच तेथे टिकेल. गॅरेजमधील मुलगा जॅकने गाडी उचलतो तेव्हा बल आणि दाब यांचा धडाच गिरवीत असतो. त्याला त्या धड्याचे नाव आणि गणित सांगणारे कोणी हवे.

आज जी मुले-मुली आठवी-नववीत आहेत ती २०३० च्या सुमारास कॉलेजात किंवा आय.टी.आय.त असतील. त्यांना प्रकल्पाच्या फाटकावर उभे राहावयाचे की आत काम करावयाचे, याचा निर्णय पुष्कळसा या दोन-तीन वर्षांत आपल्याच शाळांत होणार आहे. यासाठी तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. शाळांनी साहित्याचे कपाट उघडे ठेवावे आणि प्रयोग मुलांच्या हातून करवून घ्यावा. मोडले तर मोडू द्यावे. शिक्षकांनी प्रत्येक संज्ञा मुलाच्या घरच्या बोलीत एकदा, मराठीत वा उर्दूत एकदा आणि इंग्रजीत एकदा सांगावी, म्हणजे अकरावीत इंग्रजी पुस्तक समोर आले तरी मूल बिचकणार नाही. आणि पालकांनी गुण विचारण्याबरोबरच, ‘आज काय मोजलेस?’ असे विचारावे.

हैदराबादेत एकेकाळी आपल्या माणसांनी विज्ञानासाठी शब्द घडविले. कोठारी आयोगाने ते सर्वांसाठी खुले केले. बालभारतीने ते आठ भाषांत छापले. राहिले आहे ते दोरा, दगड आणि घड्याळ घेऊन मुलाला उभे करणे, आणि त्यासाठी दिल्लीहून नवा आराखडा येण्याची वाट पाहावी लागत नाही.